गॅदरिंगच्या पलीकडची संस्कृती
(सहावी ते आठवीच्या पालकांसमोर केलेलं भाषण, थोडं नीट करून)

नमस्कार. मागं भिंतीला टेकून उभे आहेत त्यांनी पुढं या, खुर्च्या आहेत. आपल्याच गावातल्या गोष्टींतून सगळे विषय शिकवायचे म्हटल्यावर सगळ्यांच्या मनात पहिला प्रश्न स्कॉलरशिप परीक्षेचा आहे हे माहितीये मला, त्यावर येतेच. पण आधी जरा मनातलं बोलू द्या, हा विषय माझ्या फार जिव्हाळ्याचा आहे.

आपल्याकडं शाळेत संस्कृती म्हटलं की काय होतं? गॅदरिंग. डिसेंबर उजाडला की नऊवारी भाड्यानं आणायची, फेटे बांधणारा बोलवायचा, एक लेझीम, एक कोळीगीत, शेवटी राज्याभिषेक, मोबाईलवर शूटिंग, झालं. दुसऱ्या दिवशी परत भूगोलाचं पुस्तक, त्यात टुंड्रा. टुंड्रा शिकू नये असं नाही हो, जरूर शिकावा. पण टुंड्रात काय उगवतं ते घडाघडा सांगणारं पोरगं पंचगंगेत कुठल्या नद्या येतात विचारलं की छताकडं बघतं. इथं किती जणांना येतंय? सांगा की. कासारी, कुंभी, तुळशी, भोगावती... आणि पाचवी? हां, सरस्वती, शाब्बास. गुप्त आहे म्हणून तिला सगळेच विसरतात.

आणि ते प्रोजेक्ट. रात्री अकरा वाजता आई थर्माकोल कापतीये, बाबा प्रिंट काढायला गेलेत आणि पोरगं झोपलंय. हसताय म्हणजे घराघरात हेच आहे.

तर आम्ही ठरवलं की एक गोष्ट घ्यायची, आपल्या कोल्हापुरातली, आणि सगळ्या विषयांनी मिळून तीच शिकवायची. करून बघायला म्हणून किरणोत्सव घेतला. आता किरणोत्सव तुम्हाला मी काय सांगायचा, ९, १०, ११ नोव्हेंबर आणि ३१ जानेवारी, १, २ फेब्रुवारी, मावळतीची किरणं अंबाबाईच्या देवळाच्या महाद्वारातून आत येतात, गाभाऱ्यापर्यंत जातात, पहिल्या दिवशी देवीच्या पायांवर, दुसऱ्या दिवशी छातीपर्यंत, तिसऱ्या दिवशी चेहऱ्यावर. प्रत्येक घरातलं कुणी ना कुणी जाऊन आलेलं असतं. वर्गात विचारलं तर एक मुलगी म्हणाली, "मॅडम, मी जातो की दरवर्षी आज्जीबरोबर." आणि मग तिनंच विचारलं, "पण मॅडम, नोव्हेंबरात आणि फेब्रुवारीतच का? मधे डिसेंबरात का नाही?"

मी उत्तर दिलं नाही. सगळ्यांना गच्चीवर नेलं. आपल्या गच्चीवरून पश्चिमेला ती पाण्याची टाकी दिसते बघा, तिच्या कुठल्या बाजूला सूर्य मावळतोय ते कठड्यावर खडूनं रेघ मारून ठेवायचं. पाळी लावली, ज्याची पाळी तो संध्याकाळी थांबणार. (शिपाई मामांचे आभार, कुलूप लावायला रोज उशीर व्हायचा त्यांना.) रेघा डावीकडं सरकत गेल्या, म्हणजे दक्षिणेकडं. डिसेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात त्या इतक्या जवळ जवळ यायला लागल्या की पोरांना वाटलं आपलं काहीतरी चुकतंय. आणि मग उलट फिरल्या की! जानेवारी संपता संपता नोव्हेंबरातल्या जुन्या रेघेवरच नवी रेघ आली. त्या दिवशी जो आरडाओरडा झाला गच्चीवर, खालून सर वर बघायला आले काय झालं म्हणून.

म्हणजे सूर्य दक्षिणेकडं जाताना एकदा महाद्वार आणि गाभाऱ्याच्या रांगेत येतो आणि परत येताना एकदा, डिसेंबरात तो पार पुढं निघून गेलेला असतो. उत्तरायण, दक्षिणायन हे शब्द पोरांनी पाठ केलेच नव्हते, त्यांनी ते खडूनं काढले होते. मग कॅलेंडर घेऊन बसली. १० नोव्हेंबर ते २१ डिसेंबर, म्हणजे सूर्य उलट फिरतो तो अयनदिन, ४१ दिवस. २१ डिसेंबर ते १ फेब्रुवारी ४२. एक दिवस कुठून वाढला यावरून निम्मा तास भांडण. अयनदिन कधी २१ ला येतो कधी २२ ला हे शेवटी एका पोरानंच शोधून आणलं. गणिताच्या सरांनी काठीची सावली मोजून कोन काढायला लावला. मराठीच्या तासाला महाद्वार रोडवरच्या दुकानदारांच्या मुलाखती. आणि नागरिकशास्त्र तर असं रंगलं, किरणांच्या वाटेत एखादं बांधकाम येत असेल तर काय करायचं, दुकान ज्याचं पोट आहे त्याचं काय, दोन्ही बाजूंनी मुलं पोटतिडकीनं बोलली. एकानं तर सांगितलं की ढग आले, हवेत धूळ असली तरी किरणं अडतात, सगळा दोष माणसांवर टाकू नका.

पाचच मिनिटं राहिलीत म्हणतायत, पाचवीच्या पालकांना हॉल द्यायचाय. तर पटापट सांगते.

सहावीला विषय पाणी. पंचगंगा, रंकाळा तलाव, शाहू महाराजांनी बांधायला घेतलेलं राधानगरी धरण, आणि इंजिनिअरिंगच्या पुस्तकांत ज्याला कोल्हापूर पद्धतीचा बंधारा म्हणतात तो. पावसाळ्यात मुलं राजाराम बंधाऱ्याच्या पातळीचा आलेख रोज काढणार, इशारा ३९ फूट, धोका ४३ फूट, आणि २०१९ च्या, २०२१ च्या महापुरात घरात काय झालं ते घरच्यांना विचारून लिहिणार.

सातवीला हातांचं काम. चप्पल, गूळ. चामडं कमवायला बाभळीची साल आणि हिरडा का लागतो इथून विज्ञान, आणि चप्पल लाईनच्या दुकानांत लावलेल्या किमतीतले बनवणाऱ्याला किती मिळतात इथून शेकडेवारी. रापी, म्हणजे चामडं कापायचं हत्यार, कशी धरतात हे कारागीर स्वतः वर्गात येऊन दाखवणार, आणि त्यांना आपण मानधन देणार.

आठवीला शाहू महाराज, पण जयंतीच्या भाषणातले नाही. १९०२ चा आरक्षणाचा हुकूम, १९१७ चा सक्तीच्या मोफत प्राथमिक शिक्षणाचा, विद्यार्थ्यांसाठीची बोर्डिंगं, अस्पृश्य मानलेल्या समाजातल्या गंगाराम कांबळेंच्या हॉटेलात महाराज चहा का प्यायले. त्याच्याच पुढं खासबागचं कुस्तीचं मैदान, सिनेमावाल्या बाबूराव पेंटरांनी हातानं बनवलेला कॅमेरा, जेवढं जमेल तेवढं.

आठवड्यातून दोन जोडतास यासाठी, बाकी पाठ्यपुस्तक नेहमीसारखं, पोर्शन राहणार नाही. २०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणात सहावी ते आठवीला दहा दिवस बिनदप्तराचे सांगितलेत, ते आपण कारागिरांकडं आणि नदीवर वापरू. स्कॉलरशिपचं म्हणाल तर पेपरात भाषा आहे, गणित आहे, बुद्धिमत्ता चाचणी आहे, आणि एक दिवस कुठून वाढला यावर निम्मा तास भांडलेलं पोरगं त्याला घाबरेल असं मला वाटत नाही. सराव परीक्षा चालूच राहतील. मार्क वहीला आणि तोंडी सांगण्याला, मॉडेलला शून्य. म्हणजे आयांनो, थर्माकोल बंद.

बाहेर टेबलावर फॉर्म आहेत, शनिवारपर्यंत भरून द्या. शेवटच्या ओळीत घरातल्या कुणाला काय येतं ते विचारलंय, आज्जीला गोधडी येते, काकांचं गुऱ्हाळ आहे, मामा कुस्ती करतो, जे असेल ते लिहा. ती ओळ कोरी सोडू नका, कारण तासिकांचं वेळापत्रक त्यावरून लावायचंय.