लोडरचे वळणे

श्रोतेहो, नमस्कार.

वाळू, खडी, कोळसा, धान्य, बर्फ असा सुटा माल पुढच्या बकेटमध्ये भरून घेऊन डंपरमध्ये ओतणारा लोडर आपण सर्वांनी पाहिला आहे. खाणींतल्या अतिप्रचंड लोडरच्या बकेटमध्ये सुमारे ४० घनमीटर माल मावतो. तरीही आज मी बोलणार आहे ते लोडरच्या वळण्याविषयी, कारण ढीग आणि डंपर यांच्यामध्ये त्याला सतत वळावे लागते.

यासंबंधीची एक हकीकत मला फार प्रिय आहे. अमेरिकेतील मिनेसोटा राज्यात, रॉथसे या गावी, सिरिल आणि लुई केलर हे बंधू लोहारकाम व यंत्रदुरुस्ती करीत. टर्की पक्षी पाळणाऱ्या एका शेतकऱ्याने त्यांच्यापुढे आपली अडचण मांडली. त्याचे कोठार दुमजली होते. आत जागोजागी खांब होते आणि वरचा मजला जड यंत्राचा भार सोसणारा नव्हता, त्यामुळे साचलेली घाण यंत्राने काढावी कशी, हा प्रश्न होता. यंत्र हलके हवे आणि खांबांमधल्या अरुंद जागेत वळणारे हवे; हलके हवे आणि जागच्या जागी वळणारे हवे! १९५७ साली केलर बंधूंनी तीन चाकांचा छोटा लोडर तयार केला. त्याची पुढची दोन चाके इंजिनाच्या शक्तीवर स्वतंत्रपणे फिरत आणि मागचे एक चाक कचेरीतल्या खुर्चीच्या चाकासारखे मोकळे होते. पुढे मेल्रो कंपनीने हे यंत्र हाती घेतले, १९६० मध्ये ते चार चाकांचे झाले आणि नंतर बॉबकॅट या नावाने ओळखले जाऊ लागले.

मोठ्या लोडरची वळण्याची रीत वेगळी असते. त्याच्या सांगाड्याच्या मध्यावर सांधा असतो आणि तेथेच तो वाकतो. भरलेल्या बकेटला तोल देणारे इंजिन मागे असल्यामुळे, यंत्र वाकले की मागचे वजन सरळ रेषेतून बाजूला जाते आणि तोल कमी होतो. म्हणून पूर्ण वळलेल्या स्थितीत यंत्र ज्या भाराने उलटू लागेल, त्याच्या निम्माच भार कामासाठी मान्य असतो. पुन्हा सांगतो, निम्माच. हलक्या कोळशासाठी केलेली मोठी बकेट जड खनिजाने काठोकाठ भरू नये, ते याचसाठी.

ढीग कोठे रचावा आणि डंपर कोठे उभा करावा, हे लोडरच्या चालकाला विचारूनच ठरवावे, असे माझे ठाम मत आहे. त्यानेही भरलेली बकेट जमिनीलगत ठेवूनच यंत्र चालवावे आणि डंपरजवळ पोहोचल्यावरच ती वर उचलावी.