पखाल, बैल आणि पानिपतचा एक शॉट

(लष्कर, ग्वाल्हेर. छत्री बाजारातली सकाळ, मागे शिंद्यांच्या छत्र्या.)

नमस्कार. आमच्या या भागाचं नावच लष्कर. दौलतराव शिंद्यांची छावणी पडली आणि तिचंच पुढे शहर झालं. त्यामुळे लढाईचा सिनेमा लागला की इथल्या मराठी घरांत जेवणाच्या ताटावर वाद झालाच म्हणून समजा. तो वाद राजकारणाचा असतो आणि तो व्हायलाच हवा, असं मला मनापासून वाटतं.

२०१९ मध्ये 'पानिपत' आला. भरतपूरचे राजे सूरजमल जाट यांनी मराठ्यांना मदत करण्याच्या बदल्यात आग्र्याचा किल्ला मागितला असं त्यात दाखवलं, म्हणून राजस्थानात जाट समाज रस्त्यावर आला आणि निर्मात्यांना तो भाग कापावा लागला. अफगाणिस्तानच्या मुत्सद्द्यांनीही काळजी व्यक्त केली. आपण ज्याला अब्दाली म्हणतो, तो त्यांचा अहमद शाह बाबा.

सूरजमलांबद्दल मला राहवत नाही. लढाईतून वाचलेले आपले उपाशी, जखमी लोक त्यांच्याच मुलखात पोचले. तिथे त्यांना अन्न मिळालं, कपडे मिळाले, औषधपाणी झालं. बाजीराव-मस्तानीचा मुलगा शमशेर बहादूर तिथेच वारला. प्रेक्षकाच्या डोक्यात किल्ल्याचा सौदा राहिला आणि हा आसरा राहिला नाही, तर ते उपकार फेडणं झालं का?

आणि सिनेमातली ती दिव्यांची युक्ती! आपल्या तंबूत समया तेवतात. शत्रूचा तंबू आला की सगळं काळोखं, डोळ्यांत जाड काजळ. संवाद सुरू होण्याआधीच कोण वाईट ते ठरून जातं. मग इब्राहिमखान गारद्याला कुठल्या उजेडात उभं करणार? मराठ्यांचा तोफखाना त्याच्याकडे होता. तो शेवटपर्यंत सदाशिवराव भाऊंबरोबर राहिला, पकडला गेला आणि मारला गेला.

आता माझ्या जिवाचा माणूस, राणे खान. भिस्ती, म्हणजे फौजेला पाणी पुरवणारा. १४ जानेवारी १७६१ ला पानिपतावरून निसटताना महादजी शिंद्यांच्या पायावर घाव बसला. तो पाय त्यांना जन्मभर अधू राहिला. तशा अवस्थेत राणे खानाने त्यांना आपल्या बैलावर घातलं आणि सुखरूप बाहेर काढलं. महादजींनी त्याला भाऊ मानलं, 'राणे खान भाई' म्हटलं आणि सरदार केलं. हा भिस्ती नसता, तर या छत्र्या इथे दिसल्या असत्या का?

पुढचं ऐका. अब्दालीला जाऊन मिळालेला नजीबखान रोहिला आठवतो ना? त्याचा नातू गुलाम कादिर. १७८८ मध्ये त्याने दिल्लीच्या लाल किल्ल्यात बादशहा शाह आलमचे डोळे काढले. त्याच्यावर महादजींची जी फौज चालून गेली, तिच्या पुढे होता हाच राणे खान. धर्मावरून बाजू ठरवणाऱ्या पटकथेत ही गोष्ट बसवून दाखवा.

त्याच्यावर अख्खा सिनेमा निघेल तेव्हा निघेल. मला सध्या एक शॉट पुरे आहे. पखाल माहीत आहे ना? बैलाच्या पाठीवरची, दोन्ही कुशींना लोंबणारी चामड्याची मोठी पिशवी. ती भरलेली असेल तर जखमी माणूस बसणार कुठे? मला दिसतं ते असं: राणे खान गाठी सोडतोय, पखाल खाली पडते, पानिपतच्या धुळीत सगळं पाणी सांडतं, आणि तो महादजींच्या काखेत हात घालून त्यांना वर उचलतोय.