मी ओरडायलोय की!

नमस्कार मंडळी. घसा बसला की मिठाच्या गुळण्या, ज्येष्ठमध, हे तुम्हाला मी काय सांगायचं. आज बोलायचंय ते वेगळंच, घसा चांगला असतो आणि आवाज जातो मेंदूच्या दुखण्यानं.

आमचे येळ्ळूरचे काका. खळ्यावर भात मोजायला त्यांनाच बोलवायचे, पहिलं माप पडलं की 'एक' न म्हणता "लाभ!" अशी हाक की पलीकडच्या शिवारातला माणूस वळून बघायचा. सत्तरीत पार्किन्सन हा मेंदूचा आजार झाला, गोळ्यांनी हाताची थरथर बरीच आवरली पण आवाज खालीच जात राहिला. काकू म्हणायच्या, तोंडातल्या तोंडात बोलायलेत, रुसल्यात वाटतं. काका म्हणायचे, मी ओरडायलोय की, तुझेच कान गेलेत! मग काकूंचे कान तपासून आणले, ठणठणीत निघाले. शेवटी बेळगावात स्पीच थेरपिस्ट बाईंनी त्यांचं बोलणं मोबाईलवर रेकॉर्ड करून ऐकवलं. काकांनी मोबाईल कानाला लावला, परत लावा म्हणाले, आणि तिसऱ्यांदा ऐकून हळूच विचारलं, "ह्यो मी हाय?"

गोम तिथंच आहे बघा. या आजारात मेंदूतलं आवाजाचं मापच चुकतं, हळू बोललेलं स्वतःला मोठं वाटतं. म्हणून इलाज एकच धरायचा, मोठ्यानं बोलायचं. अमेरिकेत 1987 च्या सुमारास निघालेली ही थेरपी, आठवड्याला चार दिवस, रोज तासभर, महिन्यात 16 बैठका. लांबलचक 'आ' काढायचा आणि आपल्या रोजच्या बोलण्यातली दहा वाक्यं मोठ्यानं म्हणायची.

बाई कन्नड बोलणाऱ्या, पण वाक्यं त्यांनी मराठीतच करून घेतली. माणूस घरात ज्या भाषेत भांडतो त्याच भाषेत त्याची थेरपी व्हावी, सीमेचा वाद दवाखान्याच्या उंबऱ्याबाहेर ठेवावा, असं मला मनापासून वाटतं.

सगळ्यांना हाच इलाज नाही हं. घशातले स्नायू आवळून आवाज तुटत असेल तर ते सैल करायला बोटॉक्सचं इंजेक्शन देतात, गुण तीन-चार महिने टिकतो, मग परत घ्यावं लागतं. स्वरतंतूची नस निकामी झाली तर थेरपी, नाहीतर ऑपरेशन. पण आवाज तीन-चार आठवडे बदललेला राहिला तर कान-नाक-घशाच्या डॉक्टरांना दाखवा, परत सांगते, तीन-चार आठवडे. आणि घरातल्या बाईचा आवाज बसला तरी दाखवा, तिचं कायम राहून जातं.

सराव सुटला की आवाज परत खाली येतो, त्यामुळं काका अजून रोज सकाळी परड्यात उभे राहतात. दहावं वाक्य त्यांनी स्वतः निवडलंय, "लाभ!" आणि चुलीपुढून काकू म्हणतात, ऐकू आलं, आता दोन म्हणा.