युनिट नंबर पाईप

श्रोतेहो, नमस्कार.

आजचा विषय आहे फिलिपिनो कामगार आणि त्यांचं इंग्रजी. तुम्ही म्हणाल, रत्नागिरीच्या माणसाला फिलिपिनोंचं काय एवढं? आहे हो. माझी बावीस वर्षं बोटींच्या इंजिन रूममध्ये गेली, आणि त्यातली निम्म्याहून जास्त फिलिपिनोंच्या सोबतीनं. दर्यावर नोकरी केलेल्या आपल्या कोणाही कोकणी माणसाला विचारा, फिलिपिनो भेटला नाही असं तो म्हणायचा नाही. जगातल्या दर चार-पाच खलाशांमागे एक फिलिपिनो असतो असं म्हणतात. मला तरी तो कमीच वाटतो.

यांना इंग्रजी आलं कुठून? तर बोटीतूनच. स्पेननं त्यांच्यावर तीनशेच्या वर वर्षं राज्य केलं, पण सामान्य माणसाला स्पॅनिश शिकवायच्या भानगडीत कोणी फारसं पडलं नाही. 1898 मध्ये अमेरिका आली. आणि 1901 च्या ऑगस्टमध्ये ‘थॉमस’ नावाची एक बोट मनिलाच्या बंदरात लागली. तिच्यातून सुमारे पाचशे शिक्षक उतरले. बोटीच्या नावावरून त्यांना ‘थॉमसाईट’ म्हणतात. हे लोक बेटाबेटांवर गेले आणि पोरांना थेट इंग्रजीतून शिकवायला लागले. आजही तिथली राज्यकारभाराची भाषा फिलिपिनो भाषेबरोबर इंग्रजीच आहे.

पुढे 1974 मध्ये तिथल्या मार्कोस सरकारनं माणसं परदेशी कामाला पाठवायची रीतसर व्यवस्था लावली. नर्सेस गेल्या, घरकामाच्या बाया हाँगकाँगला गेल्या, खलाशी जगभर गेले. 1988 साली राष्ट्राध्यक्ष कोराझोन अक्विनो हाँगकाँगला गेल्या, तेव्हा त्या घरकामवाल्या बायांना त्या ‘बागोंग बायानी’ म्हणाल्या. म्हणजे नवे वीर. वीर म्हणायला पैसे पडत नाहीत, असं आमचा कुक म्हणायचा. पण तो विषय वेगळा.

आता एक गोष्ट ध्यानात ठेवा, कारण पुढे लागणार आहे. त्यांच्या टागालोग भाषेत मुळात ‘फ’ नाही. दात ओठावर टेकवून काढायचा फ, तो नाही. आणि ‘व्ह’ही नाही. फ चा होतो प, व्ह चा होतो ब. आपण म्हणतो फिलिपिन्स, ते आपल्या देशाला म्हणतात पिलिपिनास. मनिलात शिकलेली पोरं फ झकास म्हणतात, पण खेड्यातून आलेला खलाशी घाईत असला की मूळ पदावर येतो. परत सांगतो. फ चा प, व्ह चा ब.

तर आता माझी गोष्ट.

साल 2004. जुनी बल्क कॅरिअर, ब्राझीलहून लोहखनिज भरून युरोपला निघालेली. मी सेकंड इंजिनिअर, चीफ इंजिनिअर ग्रीक. आणि माझ्या वॉचला, म्हणजे पाळीला, एक ऑईलर होता, इंजिनचं तेलपाणी बघणारा, फिलिपिन्समधल्या इलोइलोचा. त्याला सगळे ‘तोतो’ म्हणायचे. त्यांच्याकडे धाकट्या पोराला तोतो म्हणतात, आपल्याकडे बाळ्या म्हणतात तसं. इलोइलोच्या माणसांचं बोलणं भारी गोड. रागावला तरी वाटावं अंगाई म्हणतोय. हा तोतो रात्री मेसमध्ये माशाचं आंबट कालवण करायचा, चिंच घालून. सिनिगांग म्हणतात त्याला. मी पहिल्यांदा चाखलं आणि म्हटलं, अरे, कोकम घातलंस तर हे आमचंच आहे की! त्या काळी बोटीवर संध्याकाळी मेसमध्ये बसून असल्या गप्पा व्हायच्या. कराओके असायचं. आता वायफाय आलं आणि जो तो आपल्या केबिनमध्ये मोबाईल घेऊन पडलेला. एकवीस माणसं आणि एकवीस बंद दरवाजे. असो.

तर पहाटेचा वॉच. मी कंट्रोल रूममध्ये, तोतो खाली इंजिनपाशी. एकदम अलार्म वाजला. फ्युएल पाईप लीक. आता इंजिनला सिलिंडर सहा, त्यांनाच आम्ही युनिट म्हणतो. प्रत्येकाला तेल पोचवणारा हाय प्रेशर पाईप वेगळा. तो फुटला तर तापलेलं तेल उडतं, गरम लोखंडावर पडलं की आग. म्हणून त्यावर दुसरी नळी असते आणि गळती झाली की अलार्म वाजतो. पण जुन्या बोटीत सहांना मिळून एकच अलार्म. कुठला पाईप गळतोय ते माणसानं खाली जाऊन एकेक करून बघायचं.

तोतो बघून आला आणि खालच्या फोनवरून ओरडला, ‘सर! लीकिंग सर! युनिट पाईप!’

मी म्हटलं, पाईप लीक आहे ते मलाही कळतंय. युनिट कुठलं?

‘पाईप, सर!’

‘हो रे, पाईप! नंबर सांग, नंबर!’

‘नंबर पाईप, सर! युनिट नंबर पाईप!’

मागे इंजिनचा आवाज एवढा, की दिवाळीतली लक्ष्मी माळ कानाशी वाजत असावी. तो ओरडतोय, मी ओरडतोय. तो पाईप म्हणतोय, मी नंबर मागतोय. शेवटी फोन टाकून तो जिना चढत पळत वर आला, घामानं निथळत.

तेवढ्यात चीफचा फोन. त्याच्या केबिनमध्ये अलार्म वाजलेलाच होता. मी त्याला सांगायला लागलो. आता मी इंग्रजीत चांगला आहे बरं का. कॉलेजात वक्तृत्वाचं बक्षीस मिळालंय. मी जे सांगितलं ते व्याकरणात एकदम चोख असणार. पण घाबरलेला कोकणी माणूस कसा बोलतो तुम्हाला माहीत आहे. पहिल्या शब्दाला निघतो तो शेवटच्या शब्दाला थांबतो.

चीफ म्हणाला, ‘सेकंड. सिगा, सिगा.’ ग्रीकमध्ये सिगा सिगा म्हणजे हळू, हळू. आणि पुढे म्हणाला, ‘काही कळत नाहीये. तोतोला फोन दे.’

तोतोला फोन दे! श्रोतेहो, सेकंड इंजिनिअर मी. वक्तृत्वाचं बक्षीस माझं.

तोतोनं फोन घेतला आणि सावकाश म्हणाला, ‘लीकिंग, चीफ. युनिट पाईप.’

पलीकडून लगेच आवाज आला, ‘फाईव्ह? ओके. स्लो डाऊन करा, मी येतो.’

मी तोतोकडे बघतोय. त्यानं पंजा उघडून माझ्या तोंडापुढे धरला. पाच बोटं. ‘पाईप, सर,’ तो म्हणाला. त्यानं ‘सर’ मात्र अगदी अदबीनं म्हटलं.

म्हणजे बघा. फाईव्ह. फ चा प झाला, व्ह चा ब झाला, फाईव्हचं झालं पाईब. आणि इंजिनच्या आवाजात पाईब आणि पाईप यात फरक कोण करणार? पण चीफला तो करावाच लागला नाही. तो वीस वर्षं फिलिपिनोंबरोबर होता, त्याचा कान तयार होता. माझ्या बोलण्याला नव्हता. फिलिपिनोंचं नातं स्पॅनिश आकड्यांशीही आहे, भाव करताना पाचाला ‘सिंको’ म्हणतात. माझ्या जागी जुना पोर्तुगीज जाणणारा एखादा गोवेकर असता तर त्याला सिंको म्हटलेलं फटकन कळलं असतं.

गंमत इथे संपत नाही. आम्ही खाली गेलो. मी त्याला ओरडून म्हटलं, ‘क्लोज द वॉल!’ तोतो जागच्या जागी उभा. मग वळून बोटीच्या लोखंडी भिंतीकडे बघायला लागला. कारण व्हॉल्व्हला आपण काय म्हणतो? वॉल. नळाचा वॉल, सिलिंडरचा वॉल, हृदयाचासुद्धा वॉल. आणि वॉल म्हणजे इंग्रजीत भिंत! तो बिचारा भिंत कशी बंद करायची याचा विचार करत होता. तो स्वतः व्हॉल्व्हला ‘बाल्ब’ म्हणायचा. त्याचा बाल्ब, माझा वॉल, आणि बंद करायची वस्तू एकच.

बरं, असल्या घोटाळ्यांसाठी उपाय आहेत, नाहीत असं नाही. आंतरराष्ट्रीय सागरी संघटनेनं 2001 मध्ये बोटीवर बोलायची ठरावीक वाक्यंच मंजूर केली. 1990 साली ‘स्कँडिनेव्हियन स्टार’ बोटीला आग लागली, 159 माणसं गेली, आणि खलाशांना एकमेकांची भाषा येत नव्हती हे तेव्हा पुढे आलं. वायरलेसवर आकड्यांसाठी तर वेगळे शब्दच आहेत. पाचाला म्हणायचं ‘पांटाफाईव्ह’. ग्रीक पाच आणि इंग्रजी पाच, एकाला एक जोडून. पण पहाटे चार वाजता, अलार्म वाजत असताना, पांटाफाईव्ह कोणाला आठवतो?

जमिनीवर मात्र वेगळंच चाललंय. कॉल सेंटरच्या फोनवर बोलायच्या धंद्यात फिलिपिन्सनं 2010 च्या सुमारास आपल्याला मागे टाकलं. तिथे पोरांकडून रात्री जागवून अमेरिकन उच्चार घोटून घेतात. आपल्याकडेही पुण्या-मुंबईत हेच झालं. फिलिपिन्समधले लोक फार इंग्रजी ऐकलं की म्हणतात ‘नोझब्लीड’, नाकातून रक्त आलं! लाईट गेली की ‘ब्राऊनआऊट’, संडासाला ‘कम्फर्ट रूम’, आणि फोनवर थांबा म्हणायचं तर ‘फॉर अ व्हाईल’. चुकीचं इंग्रजी म्हणून हसतात लोक. मी नाही हसत. लोडशेडिंगला आपण कुठे कुणाला विचारून मराठी केलं? आणि जाता जाता, आमच्या वाडीत तीन वर्षांच्या पोराला ‘से वॉटर, बेटा’ म्हणणारे आईबाप वाढलेत. पोर मालवणीत पाणी मागायला विसरलं तर आजीशी कशात बोलणार, हे त्यांना विचारलं की ते माझ्याकडे असं बघतात की मीच मागासलेला.

असो, तर पाईप बदलला. इंजिन थांबवून दोन तास लागले. चीफनं कॉफी पाजली, तोतोला आधी.

दुसऱ्या दिवशी वॉचला खाली गेलो तर इंजिनच्या प्रत्येक युनिटवर खडूनं ठळक आकडे लिहिलेले. एक ते सहा. पाचव्याखाली बारीक अक्षरात इंग्रजीत लिहिलं होतं, ‘पाईप’. मी हसलो आणि वळलो. बाजूच्या तेलाच्या व्हॉल्व्हच्या चाकावरही त्याच खडूनं काहीतरी लिहिलं होतं. वाकून बघितलं.

‘वॉल.’ इंग्रजीत, डबल एल घालून.

नमस्कार.