आगुस्तिन बारिओस : पोलादी तारांचा गिटारवादक

श्रोतेहो, नमस्कार.

आज बोलायचं आहे पाराग्वेच्या आगुस्तिन बारिओसबद्दल. जन्म १८८५चा. नुसत्या बोटांनी छेडायची अभिजात गिटार हे त्याचं वाद्य. १९१०च्या सुमारास त्यानं ध्वनिमुद्रिका द्यायला सुरुवात केली. या वाद्याची इतकी जुनी मुद्रणं फार थोडी आहेत.

तरीही जाणकार नाक मुरडत, ते त्याच्या तारांमुळे. मैफलीच्या गिटारला तेव्हा वरच्या तीन तारा म्हणून आतड्याची तात लावत. बारिओस पोलादी तारा लावायचा आणि त्यांचा खणखणाट कमी करायला घोडीजवळ रबराचे तुकडे बसवायचा. ही मुद्रणं जरूर ऐका. तबकडीच्या खरखरीतूनही स्वर किती गोड येतो! निव्वळ तारांवरून या माणसाला कमी लेखणं हा अन्याय होता, असं मला मनापासून वाटतं.

१९२१ साली त्यानं 'ला कातेद्राल', म्हणजे 'कॅथेड्रल', रचलं. आधी चर्चमधल्या प्रार्थनेसारखे संथ, भारदस्त स्वरमेळ, मग बाहेरच्या रस्त्यावरची लगबग. १९३८मध्ये त्याच्या आधी एक प्रास्ताविक जोडलं. सतरा वर्षं ती रचना त्याच्या मनात घोळत राहिली असणार.

तिशीच्या दशकात तो 'नित्सुगा मांगोरे' या नावानं, डोक्यावर पिसांचा मुकुट घालून मंचावर येऊ लागला. मांगोरे हा ग्वारानी आदिवासींचा एक सरदार. काहींना हा देखावा वाटतो. मला त्यात आपल्या मातीचा अभिमान दिसतो. याच काळात तो युरोपातही वाजवून आला.

शेवटी तो एल साल्वादोरमध्ये स्थिरावला आणि तिथंच शिकवू लागला. ७ ऑगस्ट १९४४ रोजी तो गेला. त्याच्या कितीतरी रचना छापलेल्याच नव्हत्या. शिष्यांच्या, मित्रांच्या हस्तलिखितांत त्या तगून राहिल्या. १९७७मध्ये गिटारवादक जॉन विल्यम्सनं केवळ बारिओसच्या रचनांची ध्वनिमुद्रिका काढली आणि जगभरचे वादक त्या वाजवू लागले. पाराग्वेच्या चलनाचं नावही ग्वारानीच; आज तिथल्या पन्नास हजार ग्वारानींच्या नोटेवर त्याचं चित्र आहे.

आता त्याची अखेरची रचना ऐकू या, 'देवाच्या नावानं एक भिक्षा'. एका म्हातारीनं भीक मागायला दार ठोठावलं, त्यातून ती सुचली असं सांगतात. वर तीन बोटं एकाच तारेवर झरझर फिरत सुरावट धरून ठेवतात. तुम्ही मात्र अंगठ्याकडे लक्ष द्या, दारावरची ती थाप तिथं आहे.