यादीत नसलेली मरीया

मित्रहो, येशूला क्रुसावर दिलं ते साधारण इसवी सन 30 मध्ये. येशूची कथा सांगणाऱ्या चार शुभवर्तमानांतलं सर्वांत जुनं समजलं जाणारं मार्कचं शुभवर्तमान 70च्या आसपासचं. मधली चाळीसेक वर्षं ही कथा मुख्यतः तोंडीच चालली: पंगतीत, प्रार्थनेला, बाप्तिस्मा देताना. पुस्तकं आल्यावरही तिचा मान गेला नाही. दुसऱ्या शतकात हिएरापोलिसचा बिशप पापियास सांगतो की, पुस्तकांपेक्षा मला जिवंत माणसाच्या तोंडून ऐकलेलं जास्त उपयोगी वाटतं.

पण तोंडी म्हणजे सैल नव्हे. येशूचा संदेश पसरवणाऱ्या पौलाने 54च्या सुमारास करिंथ शहरातल्या ख्रिस्ती मंडळीला लिहिलेलं पत्र काढा, पंधरावा अध्याय. 'मला जे मिळालं तेच मी तुम्हांला सांगितलं,' असं म्हणून तो चार पावलं टाकतो: ख्रिस्त मेला, पुरला गेला, तिसऱ्या दिवशी उठला, दिसला. मोठ्याने म्हणून पाहा, ही घडणच पाठांतराची आहे. पुढे कोणाला दिसला त्याची यादी. केफा (म्हणजे येशूचा शिष्य पेत्र), बारा जण (येशूचे निवडक शिष्य), पाचशेहून अधिक बंधू, याकोब (येशूचा भाऊ). नाव घेऊन सांगितलेली बाई एकही नाही.

आता शुभवर्तमानांकडे या. तिसऱ्या दिवशी येशूच्या कबरीवर कोण गेलं? मार्क तीन बायका सांगतो, मत्तय दोन. लूक तिघींची नावं घेतो, 'आणि इतर' म्हणतो. योहानाकडे मरीया एकटीच येते. कीर्तनात अभंग तोच राहतो आणि निरूपण बुवागणिक बदलतं, तसं हे आहे. चौघांनीही न सोडलेलं एकच नाव आहे, येशूची अनुयायी मग्दालिया मरीया.

मग यादीतून ती का गेली? मला वाटतं, यादी साक्षीसाठी होती, आणि बायकांच्या साक्षीला त्या काळी किंमत फार कमी होती. योसेफस हा यहुदी इतिहासकार तर ती स्वीकारूच नये, असं स्पष्ट लिहितो. लूकनेही झाकून ठेवलेलं नाही: बायकांचं बोलणं प्रेषितांना, म्हणजे येशूच्या निवडक शिष्यांना, वायफळ वाटलं. एवढी अडचणीची आठवण कोणी मुद्दाम रचेल, हे मला पटत नाही. कबरीत काय घडलं ते यावरून सिद्ध होत नाही, हे मान्य. पण कोणीतरी ती आठवण सोडायला तयार नव्हतं. ते कोणीतरी म्हणजे बहुधा बायकाच, असं माझं मत आहे, आणि या परंपरेच्या अभ्यासात त्यांना अजून पुरेसं श्रेय मिळालेलं नाही.

सिनाय आणि व्हॅटिकन या नावांनी ओळखल्या जाणाऱ्या चौथ्या शतकातल्या हस्तलिखितांत मार्क एका विचित्र जागी थांबतो: बायका घाबरल्या होत्या, त्यांनी कोणाला काही सांगितलं नाही. हा शेवट पुढच्या लोकांना सोसला नाही. त्यांनी बारा वचनं जोडली. त्यांतलं पहिलंच वचन सांगतं की, उठल्यावर येशू प्रथम मग्दालिया मरीयेला दिसला.