बाकडं कुठं ठेवायचं?

(दृश्य: गच्चीवरून टाइमलॅप्स. रिकामा प्लॉट, लाल खुर्च्या.)

या लाल खुर्च्यांकडे बघत राहा. सकाळचे नऊ, सगळ्या खुर्च्या पूर्वेच्या भिंतीला चिकटून. बारा वाजले, सगळ्या वडाखाली. आता पाच, पश्चिमेच्या तीनमजली घराची सावली प्लॉटवर पडली आणि खुर्च्या तिच्यात सरकल्या. आम्ही कोणालाच काही सांगितलेलं नाही हां. मंडपवाल्याकडून वीस खुर्च्या भाड्याने आणल्या, प्लॉटमधे सोडून दिल्या आणि गच्चीवर कॅमेरा लावून आम्ही खाली चहा प्यायला गेलो. मे महिना, बडोद्याचं ऊन, पारा ४२ च्या आसपास, तरी लोक येतात, खुर्ची उचलतात, सावलीत नेतात, बसतात.

या प्लॉटवर गल्लीची छोटी बाग करायची होती. तिचं खरं ड्रॉइंग हे.

(दृश्य: पोळ, म्हणजे जुन्या शहरातली गल्ली-वस्ती, स्कूटरी, मग प्लॉट जमिनीवरून.)

जागा जुन्या शहरातली, मांडवी आणि सूरसागरच्या मधे कुठेतरी. एका लग्नाच्या कार्यालयात मावेल एवढा प्लॉट. अर्ध्यात स्कूटरी, अर्ध्यात पडलेल्या घराचा मलबा, कोपऱ्यात वड. वड होताच, तो कोणी लावला ते विचारू नका, बडोद्यात वड असतोच, गावाचं नावच वडावरून पडलंय.

आता कोणी म्हणेल बडोद्याला बाग कशाला हवी, कमाटी बाग आहे की. आहेच. १८७९ ची, ११३ एकरांची, आणि ती उघडली तेव्हा सयाजीराव महाराज जेमतेम पंधरा वर्षांचे होते, कारभार दिवाण टी. माधवराव बघायचे. पण कमाटी बागेत आपण "जातो". तयार होऊन, रिक्षा करून, मुलांना फिरवायला. भाजी घेऊन येताना गुडघा दुखला म्हणून दहा मिनिटं टेकायला कमाटी बागेत कोण जाईल? त्यासाठी गल्लीच्या तोंडाशीच काहीतरी पाहिजे.

आणि हे काही आम्हालाच पहिल्यांदा सुचलं असंही नाही. १९१६ मधे पॅट्रिक गेडिस नावाच्या स्कॉटिश माणसाने बडोद्यावर एक रिपोर्ट लिहिला होता. हा मूळचा जीवशास्त्रवाला, मग नगररचनेत आला, हिंदुस्थानातली कितीतरी गावं पायी फिरला. त्या काळच्या इंजिनियर लोकांना जुन्या गल्ल्या पाडून सरळ रुंद रस्ते काढायची भारी हौस, आणि हा जिथे जाईल तिथे त्यांच्याशी भांडायचा, की गल्ल्या राहू द्या, पडलेल्या घराची जागा साफ करा, झाड लावा, लोकांना बसू द्या. आमच्या प्लॉटवर पडलेलं घर होतंच. उशीर झाला तो शंभर वर्षांचा.

(दृश्य: टेबलावर पसरलेला कागद, त्यावर बोटं.)

हे पहिलं ड्रॉइंग. कोणी काढलं ते जाऊ द्या. चारी बाजूंनी सात फुटी ग्रिल, एकच गेट, मधोमध कारंजं, गेटवर गावाच्या नावाची मोठी अक्षरं फोटो काढायला, आणि बाकडी? ही बघा, कारंज्याकडे तोंड करून ओळीने सहा, सगळी उन्हात. कागदावर सुंदर दिसतात. मे महिन्यात त्या दगडावर पोळी भाजता येईल.

म्हणून मग त्या लाल खुर्च्या.

पुढचे तीन रविवार आम्ही समोरच्या ओटल्यावर बसून नुसतं बघितलं. कोण कुठून येतं, कुठे जातं. जमिनीवर चुना टाकून चालण्याच्या रेघा मारल्या, हा शॉट बघा, वरून कशा दिसतात. तीन गल्ल्या या प्लॉटला येऊन मिळतात आणि सगळे मधूनच कापून जातात, दूधवाला, शाळेची मुलं, देवळात जाणाऱ्या काकू. त्या रेघा म्हणजेच बागेच्या वाटा. रस्ता तीन ठिकाणी उघडा ठेवला, गेट नाहीच, त्यामुळे दुपारी कुलूप लावायचा प्रश्न आपोआप मिटला. ग्रिलच्या जागी दीड फुटी कठडा आला, रुंद, म्हणजे त्यावर बसताही येतं आणि रस्त्यावरून आतलं सगळं दिसतं. हे दिसणं महत्त्वाचं. पोळमधल्या बायकांनी एकच गोष्ट लावून धरली होती, आत कोण बसलंय ते बाहेरून दिसलं पाहिजे, नाहीतर संध्याकाळी सातनंतर आम्ही पाऊल ठेवणार नाही. म्हणून झुडपं गुडघ्याएवढी आणि दिवे कमी उंचीचे, खांबावरून डोळ्यात घुसणारा तो पांढरा फोकस नको, माणसाचा चेहरा ओळखू आला की बास.

(दृश्य: वडाचा बुंधा, सुताचे दोरे, कारागीर.)

इथे सगळ्यात जास्त भांडण झालं. ठेकेदाराला वडाभोवती सिमेंटचा पक्का चौथरा करायचा होता, खोडाला अगदी भिडवून. एकदा ओतलं की झालं, झाडू मारायला सोपं. पण मुळांना हवा लागते, पाणी लागतं. आपल्याकडे पार काय नवीन आहे का? जुने पार दगड-मातीचे, फटीफटीतून पाणी मुरायचं. शेवटी खोडापासून मोकळी माती सोडून गोल दगडी बैठक करायचं ठरलं, तर एक काकू म्हणाल्या की वटपौर्णिमेला फेऱ्या कुठून घालायच्या, बैठकीवर चढून? बरोबरच होतं. मराठी काय, गुजराती काय, ज्येष्ठ पौर्णिमेला सगळ्या बायका इथेच येतात. मग बैठक अजून बाहेर सरकवली, आत माणूस आरामात फिरेल एवढी माती ठेवली, एका बाजूने आत शिरायला वाट. हे दोरे त्यानंतरच्या वटपौर्णिमेचे.

फरशीचंही तसंच. कोटा स्टोन घाला म्हणून सगळे मागे लागलेले, चकाचक दिसतो, पण पावसात त्यावर म्हातारं माणूस घसरलं की संपलं. आम्ही विटा घातल्या, खाली रेती, सांध्यातही रेती. हा पहिल्या पावसाचा शॉट, पाणी साचतच नाही, बघा, उतरतं. २०२४ च्या ऑगस्टमधे विश्वामित्रीचं पाणी घराघरात शिरलेलं ज्यांनी बघितलंय त्यांना जमिनीत पाणी मुरण्याचं कौतुक वेगळं सांगायला नको.

झाडं: कडुनिंब, करंज आणि बकुळ, जिला इथे बोरसल्ली म्हणतात. कोणीतरी कोनोकार्पसची रोपं फुकट द्यायला तयार होतं, भराभर वाढतात म्हणे. गुजरात सरकारने २०२३ मधे ती लावायला बंदी घातलीय, तिथेच विषय संपला. रोपं मोठी होईपर्यंत ही हिरवी जाळी. दिसायला नर्सरीसारखं दिसतं, माहितीय.

(दृश्य: संध्याकाळ, लोखंडी खुर्च्या, क्लोजअप.)

आणि आता माझ्या आवडीचा भाग. पक्की बाकडी टाइमलॅप्स बघून सावलीतच बसवली, पण त्याशिवाय चाळीस सुट्या खुर्च्या ठेवल्या. सुट्या म्हणजे सुट्या, साखळी नाही. मीटिंगमधे सगळे हसले, म्हणे एका आठवड्यात सगळ्या घरोघरी पोचतील.

हे काका बघा. आले, खुर्चीकडे बघितलं, चार बोटं डावीकडे सरकवली, बसले. पुढचे? तेच. ही मुलगी? तिनेही. सरकवून काही फरक पडत नाही, ऊनही नाही, तरी सरकवतात. सत्तरच्या दशकात विल्यम व्हाइट नावाच्या माणसाने न्यूयॉर्कच्या चौकांमधे कॅमेरे लावून अगदी हेच टिपलं होतं. खुर्ची हलवता आली की माणसाला जागा आपली वाटते. तिथला ब्रायंट पार्क एकेकाळी दारू-गांजावाल्यांचा अड्डा होता, भलेभले आत जायचे नाहीत. १९८८ ला दुरुस्तीसाठी बंद केला, आत येण्याच्या वाटा मोकळ्या केल्या, आडोसे काढले, सुट्या खुर्च्या ठेवल्या, आणि १९९२ ला परत उघडला तेव्हा दुपारी डबा खायला माणसांची रीघ. त्या व्हाइटचा सगळ्यात मोठा शोध काय तर लोक तिथेच बसतात जिथे बसायला जागा असते. हसू नका, आमच्या पहिल्या ड्रॉइंगवाल्याला हे माहीत नव्हतं.

स्कूटरींचं पार्किंग आता मागच्या गल्लीत गेलंय, तिथले लोक थोडे नाराज आहेत, आणि कोपऱ्यावरची शेव-उसळची गाडीही पलीकडे सरकली, तिच्याबद्दल बोलणं चालू आहे.

(दृश्य: दोन आज्या, एक पाठ करून, मग खुर्ची वळवते. आवाज नाही.)

इथे मी काही बोलत नाही.

(दृश्य: रात्री साडेदहा. चहावाले भाई.)

खुर्च्या रोज रात्री हेच मोजतात. पगार नाही, कोणी नेमलेलंही नाही, पहिल्या महिन्यात दोन गेल्या तेव्हा त्यांनाच राग आला. एक मिळाली, पानाच्या टपरीसमोर, पानवाला स्वतःच बसला होता. दुसरी गेली ती गेलीच.

"छत्तीस, सदतीस, अडतीस." थांबले. वडामागे बघितलं. "एकोणचाळीस. ओ भाऊ, बसा बसा, तुम्ही उठलात की नेतो."